कारणाचा रकाना

शाळेच्या हॉलचे पत्रे काढलेले, म्हणून
कार्यक्रम आमच्या केळीच्या शेडमध्ये, सावद्याला,
चैत्रात, रात्री आठला; भिंत अजून हात लावू देत नव्हती.
खोक्यांच्या थप्प्या मागे सारल्या,
माल चढवायच्या ओट्यावर सतरंजी टाकली, झालं स्टेज.
खुर्च्या दीडशे. माणसं एक्केचाळीस,
त्यात गाडी भरायचे थांबलेले नऊ हमाल
आणि दिल्लीच्या ट्रकचा ड्रायव्हर, आंघोळ करून आलेला.

सतारीवर अमळनेरच्या हमीदा पिंजारी.
कोणी सांगितलं, हिचा आजा गाद्या पिंजायला यायचा,
गल्लीच्या तोंडाशीच धनुकलीची तात छेडायचा,
बाया आतूनच ओळखायच्या.
तबल्यावर फैजपूरचे शालिग्राम गुरव.
त्यांचं एकच दुखणं: या हवेत
तार उतरते, कातडं चढतं.
दोघांना एका जागी आणता आणता अर्धा तास गेला.
खुंटी. हातोडी. परत खुंटी.
मागून यादव बोंडे म्हणाला,
"अरे भो, वाजू रायलं का जुळू रायलं?"

मी शीतगृहाचा ऑपरेटर.
बाईंनी मला बोलावून विचारलं,
ते मशीन घुमतंय, बंद होईल का?
म्हटलं, ताई, आत बाराशे खोकी आहेत
साडेतेरा अंशांवर. माल हातचा जाईल.
त्या थोडा वेळ कान देऊन बसल्या.
मग म्हणाल्या, राहू द्या. पंचम देतोय तो.
आणि अख्खी सतार त्याच्यावर लावून घेतली,
अकरा वर्षं मी ज्याला नुसती कटकट म्हणत होतो, त्याच्यावर.

बिहाग होता म्हणे. मला काय कळणार.
एवढं दिसलं की त्या कुठूनही फिरून आल्या
तरी माझ्या मशीनपाशी टेकत होत्या,
बाजारातून येणारी बाई पाराच्या कट्ट्यावर
पिशवी टेकवते, हात बदलते
आणि पुढे चालू लागते, तशा.

दहा बारा. वीज गेली.
पंखे, माईक, ट्यूबलाइटी
आणि कॉम्प्रेसर.
अंधार झाला त्याचं कोणाला काही वाटलं नाही,
तो गप्प झाला हे मात्र एक्केचाळीस जणांना एकदम कळलं.

माझं काम ठरलेलं: दहा मिनिटांत जनरेटर.
उठलोसुद्धा. पण बाई थांबल्या नव्हत्या.
मोबाईलची बॅटरी त्यांच्या हाताजवळ धरली,
म्हटलं, एखादा मिनिट. तोवर धरेल दुसरा कोणी.

उजेडात आधी बोटं दिसली.
डाव्या हाताची दोन, टोकाशी काळी,
आडवी खाच, तारेनं कोरलेली.
माझीही काळीच. आधी सहा वर्षं घड उतरवले,
तो चीक रॉकेलनं जात नाही,
हळद लागली तेव्हाही गेला नव्हता.

लोक खुर्च्या सोडून पुढे आले, फरशीवर बसले.
गुरवांनी तळवा उचलून नुसती बोटं ठेवली,
तबला म्हणजे शेजारच्या खोलीत
कोणी ज्वारी निवडतंय एवढाच.
बाई फिरत होत्या, परत येत होत्या,
टेकायच्या जागी आता काहीच नव्हतं
तरी टेकत होत्या, बरोब्बर तिथंच.
मग लय चढली. कडेची तार सारखी, सारखी,
टपटप नाही, धार.
ड्रायव्हरनं डोक्याचा रुमाल काढून मांडीवर ठेवला.
आत काटा चौदावर गेला असणार. साडेचौदा.
मला माहीत होतं. हात खाली येईना.

संपलं तसा पळालो. जनरेटर दुसऱ्या झटक्याला लागला,
कॉम्प्रेसर घुमला.
बाईंनी मान वर केली, हसल्या,
"शालिग्रामभाऊ, हा जरा खाली बोलतोय."

सकाळी शेठनी रजिस्टर उघडलं.
वीज गेली दहा बारा. जनरेटर दहा एकतीस.
मधल्या एकोणीस मिनिटांपुढे, कारणाच्या रकान्यात,
रात्रीच गुरवांना विचारून मी लिहून ठेवलं होतं
शेवटी वाजवलं त्याचं नाव:
झाला.

शेठ म्हणाले, काय झाला? उशीर?
म्हटलं, हो.